मामाचा सराव

दादा गेल्यावर त्याची खोली आवरताना तिला कपाटात दुपट्यात गुंडाळलेलं जड गाठोडं सापडलं. “आई, हे काय गं?” “वाळू. तुझ्या लेकीच्या जन्माच्या वजनाइतकी. महिनाभर हातावर घेऊन घरभर फिरायचा, मान धरायला शिकायचं म्हणून. मी मोठ्याने बोलले की माझ्यावरच डोळे वटारायचा, ‘हळू गं, उठेल ती!’” तिला हसू आलं. भाचीला बघायला आला तेव्हा त्याने तीनदा साबणाने हात धुऊन पुढे केले होते. डोक्याच्या आजारावरच्या गोळ्यांनी ते थरथरत होते. “आत्ताच झोपलीय रे,” म्हणत तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं होतं. लेक मात्र टक्क जागी, मामाकडेच बघत होती. “बरं, पुढच्या वेळी,” एवढंच तो म्हणाला होता. “कधी पडलं का गं हे त्याच्या हातून?” तिने आईला विचारलं. “एकदाही नाही.”