धावमार्गाची पाहणी

"झेलीबाई, आजच्या दिवस तेवढं खुराड्याचं दार लावून घ्या," मेयर ओनोरे टोपी हातात घेऊन म्हणाला.

"बदकांना विचार," झेलीबाई म्हणाली. ती अंगणातल्या तिपाईवर बसली होती. गुडघ्यांत एक बदक दाबलेलं, हातात मक्याने भरलेलं लांब नळीचं नरसाळं. "बारा वाजले. त्यांची हरकत नसेल तर लावते."

ओनोरेने चढाकडे नजर टाकली. गावात तीस किलोमीटरचा रम्य धावमार्ग होणार होता. चर्चपासून द्राक्षमळ्यातून, चेस्टनटच्या राईतून, जुन्या गिरणीवरून. आणि चर्चची वाट पूर्वापार झेलीबाईच्या अंगणातून जाते, म्हणून अंगणातूनही. मार्ग ठरवणाऱ्या समितीचा साहेब तुलूज शहराहून आला होता आणि सकाळपासून स्वतः पळत पाहणी करत होता.

"त्याने एक ओळ लिहिली ना, की इथे किळसवाणा प्रकार चालतो, तर खुराडं मला त्याच दिवशी बंद करावं लागेल. समितीच्या करारावर माझ्या सह्या झाल्यात, बाई."

"नाताळला तीन आठवडे राहिलेत, ओनोऱ्या. नाताळच्या बाजारात लोक बदकाची फुगवलेली कलेजी मागतात, आणि दोन वेळचं खाणं चुकलं की ती बसली. मग ही चाळीस बदकं मी काय पाळण्यात घालू? आणि वर्षभर खाऊ काय, तुझी टोपी?"

ओनोरेने टोपी परत डोक्यावर ठेवली. अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या दहाबारा बदकांपासून तो तसाही दोन हात लांबच उभा होता. या बदकांनी एकदा पोस्टमनची सायकल खाल्ली होती. घंटी तेवढी परत केली. ज्याला पटत नसेल त्याला पोस्टमन ती घंटी दाखवतो.

चढावरून एक लिंबाच्या रंगाचा माणूस उतरला. कपडे घातलेत की अंगावर रंगवलेत, हे तो फाटकाशी येईपर्यंत कळेना. आल्यावरही तो थांबला नाही. जागच्या जागी पाय नाचवत राहिला.

"बोंजूर, मादाम. फारच सुंदर परि..."

मग त्याला नरसाळं दिसलं.

"तुम्ही त्याच्या घशात नळी घालता?"

"मग काय, काटा-चमचा देऊ?"

झेलीबाईने नळी आत सारली, मका सोडला, आणि अंगठ्याने बदकाची मान वरून खाली चोळली. घास उतरताना बाहेरून दिसला. तिने त्याला सोडलं, पुढचं उचललं.

"हे... हे अत्यंत किळसवाणं आहे," साहेब म्हणाला. त्याचे पाय नाचायचे थांबले. त्याने फोन काढला आणि लिहायला अंगठा टेकवला. ओनोरेने डोळे मिटून घेतले.

एवढ्यात साहेबाचं मनगट वाजलं.

त्याने निमूट फोन खिशात टाकला. कमरेच्या पट्ट्यातून एक चंदेरी पुडी ओढली, दातांनी फाडली, मान मागे टाकली आणि पिळली. आतून काहीतरी तपकिरी, चिकट, बैलगाडीच्या चाकाला घालतात तसलं निघालं. ते उतरेपर्यंत त्याच्या गळ्याची घाटी तीनदा वरखाली झाली.

झेलीबाईचा हात थांबला.

"भूक लागली होती?"

"नाही."

"गोड असतं?"

"घाण असतं."

"मग रे?"

"पळताना ताकद टिकायला दर चाळीस मिनिटांनी घ्यावंच लागतं. घड्याळ सांगतं. आजचं हे चौथं."

सूपच्या वाटीत झुरळ तरंगताना दिसावं तशी झेलीबाई त्याच्याकडे पाहत राहिली. "माझ्या बदकांना मी तीनदाच देते," ती म्हणाली. "आणि तो मका असतो."

साहेब उत्तर द्यायला गेला, पण चौथ्या पुडीचा विचार वेगळा होता. कपड्यांचा पिवळा रंग त्याच्या तोंडावर चढला. तो कुंपणाकडे वळला. कुंपणापर्यंत पोचला नाही. चारही पुड्या, आल्या त्याच्या उलट क्रमाने, ओनोरेच्या नव्या बुटांवर पडल्या.

बदकं धावत आली. सायकल पचवणारी जात ती. त्यांनी माना वाकवल्या, वास घेतला, आणि एकेक करून मागे सरली. त्यातलं एक, ज्याने चोच लावायची चूक केली होती, ते बराच वेळ गवताला चोच पुसत राहिलं.

"शी!" झेलीबाई म्हणाली. मांडीवरचं बदक तिने बाजूला ठेवलं, साहेबाची मानगूट धरली आणि त्याला तिपाईसमोर जमिनीवर बसवून पाठीकडून गुडघ्यांत घट्ट धरलं. हनुवटी वर केली. अंगठा जबड्याखालून छातीपर्यंत सावकाश ओढला. पुन्हा. पुन्हा.

"हं. खाली. खाली जाऊ दे. मान वर... असं."

साहेबाचे डोळे अर्धे मिटले. उमासे थांबले.

"मार्ग," तो पुटपुटला, "तळ्याकडून न्या. मी इकडे आलोच नव्हतो. हे कुणाला कळायला नको."

"आणि खुराडं, साहेब?" ओनोरेने बूट गवताला घासत विचारलं.

"कसलं खुराडं?"

"ऐकलंत ना बाई? सुटलात!"

झेलीबाईचं लक्ष नव्हतं. एक हात मान चोळत होता, दुसरा आपोआप साहेबाच्या बरगडीखाली, उजव्या बाजूला गेला होता. कुठल्या बदकाची कलेजी तयार झाली आणि कुठल्याची नाही, हे तिला तिथेच कळायचं. तिने बोटांनी दाबून पाहिलं. थोडं सरकून पुन्हा दाबलं. मग तोंड वाकडं करून तिने हात एप्रनला पुसला.

"चारदा भरवलंय म्हणतो," ती ओनोरेला म्हणाली, "आणि हाताला काहीच लागत नाही."