पोहण्याचे गुण

"पोहणं हा विषय नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "छंद आहे."

टेबलाच्या अलीकडे मासोळीची आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. चष्म्याच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ती तशीच आली होती. काचा घासताना उडालेली पांढरी भुकटी अजून बाहीवर होती. शेजारी मासोळी, ओले केस पाठीवर मोकळे सोडून. हे नाव तलावावरच्या प्रशिक्षकांनी ठेवलेलं, पण आता घरीही तेच रुळलं होतं.

मासोळी रसायनशास्त्रात पुन्हा नापास झाली होती. बाकीचे सगळे विषय सुटले होते, पण एका रसायनापायी प्रमाणपत्र अडकलं होतं, आणि त्याच्याशिवाय कुठलंच कॉलेज तिला दारात उभं करणार नव्हतं. यंदापासून मात्र एक नवी सोय झाली होती. खेळात किंवा कलेत वर्षानुवर्षं मेहनत केलेल्या विद्यार्थ्याला त्याबद्दल एका विषयाचे गुण देता येणार होते. द्यायचे की नाही, ते मुख्याध्यापिकांच्या हातात होतं.

"आज पोहण्याचे द्या, उद्या नाचाचे द्या," कोपऱ्यातले रसायनाचे सर म्हणाले. "मग आम्ही काय, नुसत्या परीक्षानळ्या धुवायच्या?"

"एकदा नाचून बघा, सर," मासोळीच्या पलीकडे बसलेले प्रशिक्षक म्हणाले. "दुसऱ्या दिवशी खडू उचलता येतो का, तेही बघा."

मुख्याध्यापिकांच्या ओठांवर हसू आलं आणि गेलंही. त्या मासोळीकडे वळल्या.

"तू सांग. पाण्यात असताना तुझ्या मनात काय चालू असतं?"

मासोळीने थोडा विचार केला. "भिंत कधी येते, तेच."

प्रशिक्षकांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंत? याला म्हणतात एकाग्रता!"

"आणि थंडीत? पहाटे पाणी बर्फासारखं असेल."

"असतं." मासोळी नखाशी चाळा करू लागली. "मग मी काठाकडे बघते. आई बाकावर बसलेली असते. ती दिसली की उडी मारते."

आईचे डोळे भरून आले.

"सोडून द्यावंसं वाटलं नाही कधी?"

मासोळीने तोंड उघडलं, पण आईच घाईघाईने बोलली. "हिला? छे हो. जीव आहे तिचा पाण्यात."

मासोळी पुन्हा नखाशी चाळा करू लागली.

"आणि तुम्ही?" मुख्याध्यापिकांनी आईला विचारलं. "रोज जाता तिच्याबरोबर?"

"एक पहाट चुकवली नाही, बाई. अंगात ताप असला तरी गेले, पाठ धरली तरी गेले. लेकरू एवढं आवडीने करतंय म्हटल्यावर आपण कसं 'नको' म्हणायचं?"

मुख्याध्यापिका उठून खिडकीपाशी गेल्या. खाली मैदानावर कुठलासा वर्ग ओरडत, धापा टाकत पळत होता. आईने मासोळीचा हात घट्ट धरला.

"खरं सांगू का," मुख्याध्यापिका पाठमोऱ्याच म्हणाल्या, "रसायनाच्या तासाला मी स्वतः डुलक्या काढायचे."

सर खाकरले.

"पण एखादी गोष्ट इतकी वर्षं न चुकता करायची, हे मला कधी जमलं नाही. मनापासून आवड असल्याशिवाय ते कुणालाच जमत नाही." त्या वळल्या. "दिले गुण. मुलगी पास झाली."

मग एकच गलका झाला. प्रशिक्षकांनी चक्क रसायनाच्या सरांना मिठी मारली. सरांनीही हो-ना करत मासोळीच्या पाठीवर थोपटलं. आई मुख्याध्यापिकांचे हात धरून नुसती मान हलवत राहिली.

प्रशिक्षक शीळ घालत तलावाकडे निघून गेले. मायलेकी जिना उतरून शाळेच्या पायऱ्यांवर आल्या. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. आईने मोठा श्वास सोडला.

"सुटलो गं बाई एकदाचे! चल, आज बाहेरच जेवू. आणि उद्या गजर नेहमीचाच लावते."

मासोळी दोन पायऱ्या खाली जाऊन थांबली.

"नको लावूस, आई."

"दमलीस ना? बरं, परवापासून जाऊ."

"परवाही नको." मासोळीचा आवाज कापायला लागला. "पास झाले ना आता? मग सोडू दे मला. मला नाही आवडत पाणी. कधीच आवडलं नाही."

आई बघतच राहिली. "अगं, मग इतकी वर्षं..."

"बाबा गेल्यावर तू हसायचीच बंद झाली होतीस. एक दिवस तलावावर मी पहिल्यांदा पोहत पलीकडच्या टोकाला पोचले आणि तू काठावर उभी राहून हसलीस. मग मी जातच राहिले. तू पुन्हा गप्प होशील, म्हणून."

आई मटकन पायरीवर बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिचे खांदे गदगदा हलू लागले. मासोळी धावत वर आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने आईचे हात ओढून बाजूला केले.

आई हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"अगं वेडे," धाप आवरत ती म्हणाली, "त्या गारठ्यात, त्या ओल्या बाकावर बसायचा मला इतका जाच व्हायचा! मी फक्त तुझ्यासाठी यायचे गं. त्या दिवशी टोकाला पोचून तू हसलीस, म्हणून तर मी हसले होते!"