तडा गेलेलं चाक

आऱ्यांऐवजी सलग थाळीसारखं असलेलं, अनुजाताईंनी विकायला काढलेलं ते सायकलचं कार्बनचं चाक पाहताच साक्षीचा जीव वरखाली होऊ लागला. राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती आणि नवं चाक घेणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं.

"तडा गेलाय, नीट बघून घे," अनुजाताई म्हणाल्या. घाटातल्या शर्यतीत हेच चाक लावून पडल्यापासून त्यांनी सायकल सोडली होती. "मोडीतच घालायचं हुतं."

तडा आत कुठवर गेलाय ते आवाजावरून कळावं म्हणून साक्षीने रुपयाचं नाणं काढलं आणि कान लावून चाकभर हलकेच वाजवत गेली.

"चाक घ्याला आलीयास का हलगी, गं?"

सगळीकडे आवाज खणखणीत येत होता. फक्त तड्यापाशी अंगठ्याएवढ्या जागेत तो बसका होता. गप्प राहिली असती तर चाक तिचंच होतं. पण आनंद तिच्या पोटात मावेना.

"ताई, ह्ये आतनं धडधाकट हाय की! तड्यावर कार्बनचं ठिगळ मारलं की परत पळतंय!"

अनुजाताईंनी तिच्या हातातलं नाणं घेतलं. स्वतः वाजवलं. पुन्हा वाजवलं.

"मग ह्ये न्हाय विकायचं आता."

"आणि स्पर्धेत मी काय करू?"

"काय करू म्हंजे? मला गाठायचं!"

रिकाम्या हातांनी परतताना साक्षीला पॅडल किती जोरात मारू असं झालं होतं. ज्यांना एकदा तरी शर्यतीत गाठायचं म्हणून तिने सायकल हाती घेतली होती, त्या अनुजाताई पुन्हा शर्यतीत उतरणार होत्या.