दट्ट्यावरचं नाव

आमच्या मानवतच्या जिनिंगचं इंजिन दट्ट्या, म्हणजे पिस्टन, फुटून बंद पडलं, तेव्हा निजाम भारतात सामील होईना म्हणून त्याच्या मुलखात लोखंड आणायला दिल्लीची बंदी होती. सरहद्दीपलीकडच्या वऱ्हाडातले, वाशीमचे माझे सासरे, चंद्रप्पा, मदतीला आले. माल वऱ्हाडाबाहेर गेला तर कैद भोगीन, असं सरकारला लिहून देऊन त्यांनी मुंबईहून दट्ट्या मागवला आणि आमच्या हवाली केला. सरकीच्या पोत्यात तो खुपसून मी आणि बायको महादेवी बैलगाडीनं निघालो. पैनगंगेच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर वऱ्हाडच्या जमादारानं पोतं उपसलं, दट्ट्या उन्हात फिरवला आणि मोठ्यानं वाचलं, “चि. महादेवीस चंद्रप्पांकडून, वाशीम.” लेकीला दिलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालणाऱ्या सासऱ्यांनी दट्ट्याही सोडला नव्हता. “चंद्रप्पा कोण?” त्यानं विचारलं. महादेवी गाडीतून उतरली. “साहेब, दट्ट्या ठिवून घ्या. नाव तेवढं घासून टाका. अप्पा म्हातारे हायत.” जमादार तेच नाव कागदावर उतरवून घेत होता.