रेघेच्या आत

"लाली रेघेच्या आत आहे," डॉ. किशोरी म्हणाल्या आणि त्यांना बरं वाटलं. सकाळपासूनचा हा त्रेसष्टावा केसपेपर. सांगितलेलं तंतोतंत पाळून आलेलं असं पहिलंच माणूस.

देवजी तपासणीच्या टेबलावर आडवा होता. कर्नाळ्याच्या बाजूला वीटभट्टीवर चिखल तुडवायचं त्याचं काम. टाचेला भेग पडली, तिच्यातून जंतू आत शिरले आणि डावा पाय सुजून लाल झाला. चार दिवसांपूर्वी तो इथे, पनवेलच्या या दवाखान्यात आला, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि लालीच्या कडेकडेने निळ्या पेनाने रेघ मारली होती. अशा दुखण्यात ती मारतातच. लाली रेघेबाहेर गेली की समजायचं, गोळ्या पुरत नाहीत, आता सलाईन हवं. देवजीच्या बायकोला, शांतीला, त्यांनी बजावलं होतं, "लाली या रेघेच्या आत राहायला हवी. समजलं?" शांतीने मान हलवली होती. ओपीडीत एका माणसाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. मान हलली की पुढचा नंबर.

"गोळ्या घेतल्या?"

शांतीने रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. "सकाल-संध्याकाल दिल्या. राती पायाखाली इटा लावल्या, उंच."

"विटा?"

"उशी नाय ना."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी देवजीच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. पोटरी दाबली. देवजी ओरडला नाही, नुसते दात आवळून छताकडे बघत राहिला. बऱ्या होणाऱ्या पायाचं हे लक्षण नव्हे. त्यांनी केसपेपर उलटा केला. त्यांच्याच घाईच्या अक्षरात लिहिलेलं होतं, रेघ घोट्याच्या वर चार बोटं.

रेघ गुडघ्याला टेकली होती.

त्यांनी पाय खिडकीच्या उजेडाकडे वळवला. गुडघ्यापासून खाली आणखी तीन रेघा होत्या, पुसट, एकीखाली एक. खाडीचं पाणी चढताना धक्क्याच्या भिंतीवर डाग ठेवत जातं, तशा.

"ही वरची रेघ कुणी मारली?"

"मीच," शांती म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. पोलक्यातून तिने पेन काढून दाखवलं. लेकीचं शाळेचं पेन. त्या पेनाने शांतीने स्वतः कधी एक अक्षर काढलं नव्हतं. "तुमची रेघ पुसाय लागली. मंग मी रोज सकाली नवी मारली. लाल जितवर हाय, तितवर. तुमीच बोलल्या ना, लाल आत पायजे. आमचा भगत बी मारतो रेघ. ती पुसू द्यायची नसते, पुसली तर रोग भायेर येतो. येक दिस नाय चुकवला मी."

डॉक्टरांनी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. रागवायचं कुणावर? या बाईने डोळ्यांत तेल घालून राखण केली होती. लाली रेघेबाहेर गेली तर असाल तशा धावत या, हे एवढं एक वाक्य सांगायचं राहून गेलं होतं. त्यांना स्वतःला ते इतकं पाठ होतं, की बोलावं लागतं हेच त्या विसरल्या होत्या.

"ताई, यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं. विष रक्तात भिनतंय. पाय वाचवायचाय. आणि..." त्यांनी तिकडच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला. "चूक तुमची नाही. मी नीट सांगितलं नव्हतं."

शांतीने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ती नवऱ्याच्या पायाकडे बघत होती, एकेका रेघेवरून नजर वर नेत.

ॲम्ब्युलन्सला फोन झाला. दारातली रांग चुळबुळू लागली. चिठ्ठी लिहून झाली, पण एक काम उरलं होतं. लाली किती वेगाने चढते आहे हे तिकडच्या डॉक्टरांना कळायला हवं, म्हणून पाठवताना पायावर नवी रेघ मारून शेजारी वेळ घालावी लागते. आणि आता लाली गुडघ्यावरची रेघही ओलांडू लागली होती. डॉक्टर टेबलावर निळं पेन शोधू लागल्या. शांतीने हातातलं पेन पुढे केलं.

"तुमी मारा, बाई," ती हळूच म्हणाली. "माझ्या रेघेला नाय जुमानलं रोगानं."

डॉक्टरांनी पेन घेतलं. शांतीच्या मुठीतल्या उबेने ते अजून कोमट होतं. त्यांनी त्याचं टोक देवजीच्या मांडीवर टेकवलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. रेघ रोगाला अडवत नाही, तो किती चढला एवढंच दाखवते, हे त्यांनी शांतीला अजूनही सांगितलं नव्हतं.