स्वप्नाचा आकडा

सावकाराने माझी नूडल्सची हातगाडी ओढून नेली, तेव्हापासून माझी झोप उडाली आणि बोलणंही बंद झालं. बायको मालै मात्र रोज सकाळी पेज ढवळता ढवळता विचारायची, "अहो, स्वप्नात काय दिसलं? लॉटरीचा आकडा काढायचाय."

इथे थायलंडात, अयुत्थयाच्या कालव्याकाठी, सगळेच स्वप्नावरून आकडा काढतात. ती पिच्छा सोडेना, म्हणून मी एकदा थाप मारली, "मासा."

"केवढा? कुणीकडे चालला होता?"

मासा केवढा ते सांगता सांगता त्या थापेत मीच कालव्यात उतरलो. दुसऱ्या दिवशी माशाला पंख फुटले. मग माझी गाडीच पाण्यावरून तरंगत आली, वाडग्यांतून वाफ निघत होती. पुढे थापा पुरेनात, तेव्हा खरीच स्वप्नं पडू लागली. म्हणजे डोळा लागू लागला.

सोडतीच्या दुपारी शेजारच्या रेडिओवर आकडे सांगत होते. मी धावत आत आलो. "मालै, आपलं तिकीट कुठंय? माशाचा आकडा लागला बहुतेक!"

"तिकीट कुठलं? तिकिटाला पैसे होते कुठे?" ती भाजी निवडत म्हणाली. "बसा इथे. सकाळी अर्धंच सांगितलंत. तुमची वारलेली आई पलीकडच्या काठावरून हाक मारत होती, तुम्ही पाण्यात शिरलात. पुढे?"

तिचे हात थांबले होते.

"पेजेचा वास आला," मी म्हणालो. "मागे फिरलो."