विमानापुरती झाडं

“आई, एका विमानप्रवासाचा धूर शोषायला कितीतरी झाडं वर्षानुवर्षं राबतात. म्हणून ह्या गणपतीलाही येत नाही,” परदेशातला मुलगा मोबाइलच्या पडद्यावरून समजावत होता. त्यानं गाडी विकली होती, मटण सोडलं होतं, कामावर सायकलनं जात होता. द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पोरगं गुणाचं, यात त्यांना शंका नव्हती.

मग त्या मोबाइल घेऊन परसात गेल्या. कौलांच्या वर गेलेलं जांभूळ दाखवलं, त्याच्याशेजारचा फणस, मग आवळा, काजू, आणि शेवटी गुडघाभर उंचीचं कोकमाचं रोप.

“एवढी झाडं कधी लावलीस?”

“तू आला नाहीस त्या प्रत्येक गणपतीला एक. तुझ्या विमानाचा धूर पितील एवढी झालीत आता. ये.”

पडद्यावरचा चेहरा हलेना. रेंज गेली की काय, म्हणून त्यांनी मोबाइल उंच धरला.

“बघतो गं,” तो म्हणाला. “यंदा रजा मिळणं जरा कठीणच आहे.”

“बरं,” म्हणून द्वारकाबाईंनी मोबाइल ठेवला, पदर खोचला आणि कोकमाच्या पलीकडे यंदाचा खड्डा खणायला घेतला.